पाणी येण्याआधीच उडी मारल्याबद्दल

तीर्थस्वरूप मामांच्या सेवेशी,
भाच्याचा वाकून, गुडघे टेकून आणि दोन्ही कान धरून नमस्कार.

(आधी मी ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं. आईने चष्मा लावून पाहिलं, ते बापाला लिहितात म्हणाली आणि खोडायला लावलं. औषधांच्या खोक्यात घडी घालून जे बारीक अक्षरातलं पत्रक असतं ना, त्याची मुद्रितं तपासण्यात माझी अठरा वर्षं गेली, पण घरात माझी मुद्रितं अजून आईच तपासते. तू माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठा. लहानपणी पहिला कंट्रोलर कोणाचा यावरून मी तुझ्या दंडाला कडकडून चावलेलो आहे. तरी मामा तो मामा, मायना रीतसर हवा, हा तुझ्या ताईचा हट्ट. झाला रीतसर. आता नेहमीसारखं ‘तू’ म्हणतो.)

तुझी पाठ कशी आहे? दिवसभर दुसऱ्यांच्या कवळ्या घासायला वाकून बसतोस, अधूनमधून उठत जा. मामीचा खोकला गेला का? लॅबमधली नवी भट्टी नीट तापते ना, की अजून दाढांना भेगा पडतात? आमच्याकडे सगळे खुशाल. आईचे गुडघे बरे आहेत, बायकोची बढती झाली, आणि आई माझ्याशी तेरा दिवस कामापुरतंच बोलते आहे. तिचं कारण पुढे येईलच, तुला ते माहीत आहे.

हे सगळं कागदावर लिहिण्याचं कारण असं की, दुसरा रस्ता तू ठेवलेला नाहीस. फोन उचलत नाहीस. संदेश पाठवला तर त्यापुढे एकच बारीक खूण दिसते आणि तेरा दिवस तीच दिसते. मामीला फोन केला, तर ‘ते कवळीत आहेत’ म्हणाली. माणूस मीटिंगमध्ये असतो, अंघोळीत असतो हे ऐकलं होतं, कवळीत असलेला मामा मला पहिल्यांदाच भेटला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपल्या ‘पहिला तास’ या गेमच्या पानावरून तू स्वतःचं नाव काढून टाकलंस. स्वतः सुरू केलेलं पान स्वतः सोडून गेलास! आता तिथे आम्ही दहा जण उरलोय आणि परवा कोणीतरी बातमी म्हणून एका कंट्रोलरच्या रंगाचं वर्णन टाकलं. तू असतास तर ते टिकलं असतं का?

जे झालं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहितो. आरोपीने आपल्या हाताने लिहून दिलेलं बरं असतं. आपल्या पानावर हौशी लोक नव्या गेमच्या बातम्या देतात आणि नवी गेम आली की एकाने घड्याळ लावून बरोबर एक तास खेळायचं, उठायचं, आणि काय वाटलं ते लिहायचं. त्याआधी ट्रेलर बघायचा नाही, कोणाचं वाचायचं नाही. हा नियम तुझा. पहिला तास माणसाला एकदाच मिळतो, दुसऱ्यांदा खेळलास तर तो फक्त साठ मिनिटांचा वेळ असतो, हे वाक्यही तुझंच. मी ते दहा ठिकाणी माझं म्हणून वापरलेलं आहे (तेही आता कबूल करून टाकतो, एकदा झाडायला घेतलंय तर कोपरा कशाला सोडा).

‘मिठाची वाट’चा पहिला भाग आपण खेळलो तेव्हा तुझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. आटलेल्या समुद्राच्या तळावरून मिठाच्या गाड्या हाकत न्यायच्या, दुसरं काही नाही. पण तुझा डावा हात आणि माझा उजवा, दोघांत एक कंट्रोलर, असे आपण पंधरा दिवस एका सोफ्यावर खांद्याला खांदा लावून बसलो. मला वाटतं आयुष्यात मी कोणाशी इतकं जमवून घेतलेलं नाही, लग्न धरूनसुद्धा. तेव्हाच ठरलं की दुसरा भाग येईल त्याचा पहिला तास दोघांनी एकत्रच खेळायचा. आणि तो आला सात वर्षांनी! चार वेळा पुढे ढकलला. चारही वेळा तू रजा टाकलीस, चारही वेळा रद्द केलीस, पाचव्यांदा साहेबाने विचारलं की नेमकं कोणाचं लग्न आहे ते एकदा ठरवा. सात वर्षं तू एक चित्र पाहिलं नाहीस. लॅबमधली पोरं त्याबद्दल बोलायला लागली की तू मुद्दाम घासायचं यंत्र सुरू करायचास.

शनिवारी सकाळच्या बसने तू येणार होतास. गुरुवारी दुपारी आमचं छपाईयंत्र बिघडलं, अर्धी सुट्टी मिळाली, आणि घरी आलो तर दारात पाकीट. दुकानदाराने डिस्क दोन दिवस आधीच पाठवली होती. मामा, खरं सांगतो, माझ्या मनात पाप नव्हतं. डिस्कवर चरा तर नाही ना, एवढं बघायला मी वेष्टन काढलं. चरा असता तर शनिवारी तुझा विरस झाला असता. मग मशीनमध्ये घातली, कारण आधी ते तासभर काय काय भरून घेतं आणि तू आल्यावर ताटकळत बसायला नको. मग आवाज बरोबर आहे का ते पाहिलं. मग अक्षरं मोठी केली, तुला आता जवळचं दिसत नाही म्हणून. प्रत्येक पायरी मी तुझ्यासाठीच उतरलो आणि तळाशी पोचल्यावर बघतो तर समोर ‘नवा खेळ’ असं लिहिलेलं आणि माझा अंगठा बटणावर. त्यात आपल्या संपादिकाबाईंचा संदेश आला की दुसऱ्या एका पानाने बाजी मारली, आपल्याकडे कोणी तास देईल का? (बाई भूलतज्ज्ञ. दिवसभर लोकांना झोपवतात आणि उरलेल्या वेळात आम्हाला झोपू देत नाहीत.) मी लगेच ‘मी देतो’ म्हणालो. त्यांनी तीन वेळा विचारलं, मामांना चालेल ना? मी तीनदा हो म्हणालो.

मी एक तास खेळलो. बरोबर साठ मिनिटं. तेवढा नियम मात्र पाळला.

शुक्रवारी अक्कल आली, पण ती चुकीच्या दिशेने आली. रिकामं वेष्टन बघून मी डिस्क छापखान्यात घेऊन गेलो. औषधांच्या खोक्यांवर गरम हवेने पातळ प्लॅस्टिक आवळून बसवायचं यंत्र आहे ना, त्यातून ती काढली. अगदी नवी दिसायला लागली. पॅकिंगवाल्याने विचारलं, कोणत्या आजाराची गोळी आहे? मी म्हणालो, आहे एक जुना. संध्याकाळी मी आरशासमोर उभं राहून चकित व्हायचा सराव केला. भुवया वर, तोंड अर्धवट उघडं. बायकोने पाहिलं आणि दात दुखतोय का म्हणून विचारलं.

शनिवारी तू आलास. टॉवेलात गुंडाळून आणलेला स्वतःचा कंट्रोलर काढलास, हात धुतलेस, वेष्टन हातात घेतलंस आणि कडेवरून अंगठा फिरवलास. तू दोन दातांमधली केसाएवढी फट बोटाने ओळखणारा माणूस. तिथेच तुला कळलं असणार, हे मला आता कळतंय. तरी तू मला सुटायला वाव दिलास आणि मी त्या वावात आणखी खोल शिरलो. खेळ सुरू झाला. कोरडा समुद्र, आपल्या दोन गाड्या, लांबवर पांढरं काहीतरी. पाणी यायला अजून चार-पाच क्षण होते आणि मी उडी मारून गाडीच्या टपावर जाऊन बसलो. वर ‘अरे बापरे!’ असंही म्हणालो. मग पाणी आलं. तू माझ्याकडे बघितलंस. पुढे म्हातारीच्या झोपडीत तू किल्ली शोधत सगळी मडकी उलटीपालटी करत होतास आणि मी सरळ जाऊन तिसरं मडकं फोडलं. कसं कळलं म्हणून तू विचारलंस, तर अंदाजाने म्हणालो. मग तू कंट्रोलर मांडीवर ठेवलास आणि सरळ विचारलंस, की तू आधी खेळलायस का?

तेव्हा हो म्हणालो असतो तर दोन शिव्या देऊन तू पुढे खेळला असतास, हे मला पक्कं माहीत आहे. पण माझ्या तोंडातून निघालं, ‘आईशप्पथ नाही!’ आणि आतल्या खोलीत उशांचे अभ्रे शिवत बसलेल्या आईचं शिलाईयंत्र थांबलं. ‘माझी शपथ कशाला घालतोस रे?’ ती तिथूनच म्हणाली, ‘गुरुवारी दुपारभर हाच तर पाण्याचा आवाज चालला होता. मला वाटलं नळ उघडा राहिलाय.’

तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. गेम छान आहे म्हणालास. कंट्रोलर परत टॉवेलात गुंडाळलास, ताईच्या पाया पडलास आणि दोन दिवस राहायला आलेला माणूस दुपारच्या बसने परत गेलास. आई तेव्हापासून स्वतःला शिंक आली तरी माझ्याकडे बघते. खोटी शपथ कुठे कुठे लागू पडतेय याची ती नोंद ठेवून आहे.

मामा, मला वाईट कशाचं वाटतं ते सांगतो. आधी खेळलो त्याचं वाटतंच. खोटं बोललो त्याचं जास्त वाटतं. पण सगळ्यात जास्त वाटतं ते त्या पाण्याचं. ते आलं तेव्हा मी चोरून तुझ्याकडे बघितलं होतं. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचं तोंड असं उघडं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. सात वर्षं तू जे राखून ठेवलं होतंस ते त्या एका क्षणी तुला मिळालं, आणि आनंदाने माझा हात धरायला तू हात पुढे केलास, तर मी टपावर बसून भुवया वर करण्यात गुंतलो होतो. तू एकटाच चकित झालास. सोफ्यावर मी शेजारी असून तू एकटा होतास, आणि ते मी केलं. लिहिलेला लेख मी पानावरून काढून टाकला, बाईंची बोलणी खाल्ली, सगळ्यांसमोर चूक कबूल केली. त्याने तो क्षण परत येत नाही, हे तुझ्याच नियमात लिहिलेलं आहे.

त्या दिवसापासून मी गेमला हात लावलेला नाही. डिस्क कपाटात, साड्यांच्या खाली ठेवली आहे. तू माफ कर असं म्हणायचं धाडस होत नाही. फक्त पानावर परत ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण बाकीच्या नऊ जणांनी काय घोडं मारलंय?

मामीला नमस्कार. पाठीला शेक घेत जा.

तुझा,
चावरा भाचा

ता. क. – एक गोष्ट राहिली. डिस्क साड्यांखाली आहे हे पूर्ण खरं नाही. काय लपवायचं, मी गेमच्या नवव्या टप्प्यात पोचलोय. तिथे धरणाचा एक दरवाजा आहे, त्याची दोन चाकं दोन काठांवर, दोन्ही एकदम फिरवावी लागतात. मशीन जो जोडीदार देतं तो ठोंब्या आहे, मी फिरवतो तेव्हा तो डोकं खाजवतो. पायाच्या अंगठ्याने दुसरा कंट्रोलर चालवून पाहिला, पेटका आला. बाई मदतीला येते म्हणाल्या, पण त्यांच्याबरोबर खेळावंसं वाटेना. तिथे तुझाच हात लागेल. तू मला माफ करू नकोस, नुसता ये. आधी दरवाजा उघडू, मग निवांत भांडू. पुढच्या शनिवारी जमेल का?

ता. क. दुसरा – बसस्टॉपवर घ्यायला येतो. बोलायचं नसेल तर मागून चालेन.

मामा, नमस्कार. मी सूनबाई. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून पाकीट चिकटवण्याआधी चार ओळी लिहिते. नवव्या टप्प्याचं यांनी जे लिहिलंय ते सगळं मनचं आहे. धरण नाही, चाकं नाहीत, पायाला पेटका वगैरे काही आलेला नाही. डिस्क खरंच माझ्या साड्यांखाली आहे, आणि हे रोज कामावरून आले की कपाट उघडून ती आहे ना एवढं बघतात आणि परत लावतात. माणसाला पश्चात्ताप झालाय म्हणून तुम्ही येणार नाही, पण भाचा कुठेतरी चुकीचं खेळतोय म्हटलं की राहवणार नाही, असा यांचा हिशोब. माफी मागतानाही यांना एक थाप लागतेच. तेव्हा काळजी करू नका, पुढचं काहीही तुमच्या कानावर पडलेलं नाही, सगळं तसंच शिल्लक आहे. या नक्की, आईही वाट बघतायत. फक्त येणार असल्याचं यांना कळवू नका. दार उघडल्यावर एकदा तरी यांना खरंखुरं चकित होऊ दे.