गाठ, वजा एक शब्द

आई, तुझ्यावर चिडूनच लिहायला बसलेय. सकाळपासून कशातच जीव लागत नाहीये. चहा ठेवला तो उतू गेला. बॅचला शिकवायला उभी राहिले तर कालचंच परत शिकवायला लागले, आणि एका मुलीनं 'मॅडम, हे झालंय की' म्हटलं तर तिच्यावरच खेकसले. बिचारीचं तोंड एवढंसं झालं. आता दुपारची बॅच सुटलीये, संध्याकाळच्या बॅचला सुट्टी दिलीये, वरचा पंखा नुसता गरम वारा फेकतोय आणि मी क्लासच्या कॉम्प्युटरवर तुला लिहितेय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की मी आता तुझ्या वयाच्या पुढं निघून आलेय. म्हणजे आपल्या दोघींत मोठी मी. तेव्हा आज तू ऐकून घे.

तू गेलीस तेव्हा मी टायपिंग शिकत होते. कॉम्प्युटर तू पाहिलाच नाहीस, म्हणून आधी माझं काम सांगते. भवानी पेठेत, आपल्या जुन्या खोलीच्या मागच्याच बोळात माझा क्लास आहे. इतर गोष्टींबरोबर मी नेटवर शोधायला शिकवते. तू म्हणशील, त्यात शिकवायचं काय, विचारलं की सांगत असेल ते. तसं नाही. लोक दोन शब्द टाकतात, समोर ढीग येतो आणि त्यातलं वरचं उचलून चालायला लागतात. मी सांगते, शब्द जसेच्या तसे, त्याच क्रमानं हवे असतील तर ते अवतरण चिन्हांत घाला. सरकारी माहिती हवी असेल तर साइट लिहून कोलन द्या आणि त्या खात्याचाच पत्ता टाका, म्हणजे बाकीच्यांची बडबड मध्ये येत नाही. छापलेलं परिपत्रक हवं असेल तर फाइलटाइप पीडीएफ. आणि जे नकोच आहे त्याच्या आधी वजा चिन्ह, शब्दाला चिकटून. मधे जागा सोडली की मशीनला कळत नाही. एवढ्यावर मी लोकांना काय काय काढून दिलंय! शेजारणीच्या मुलाच्या शिष्यवृत्तीचं परिपत्रक सगळ्यांनी 'मिळत नाही' म्हणून सोडून दिलेलं, ते मी चहा गार व्हायच्या आत काढलं. पेठेत कुणाला काही सापडेना झालं की 'मॅडमकडं जा' म्हणतात. मीही त्याची थोडी शेखी मिरवतेच.

वजा चिन्ह शिकवताना मी तुझीच गोष्ट सांगते. नवी पेठेतलं ते कापडाचं दुकान. मी शाळकरी पोर, तुझा हात धरून पायरीवर उभी. दुकानदार गाठोडं सोडायच्या आत तू सुरू करतेस, नायलॉन नको, जरीचं नको, हिरवं तर दावूच नका, घरात लई हाय. तो वैतागून विचारतो, मग पाहिजे काय मावशी? आणि तू शांतपणे म्हणतेस, 'ऱ्हाईल ते दावा की.' पोरं खदाखदा हसतात आणि वजा चिन्ह जन्मात विसरत नाहीत. आणि त्या दिवशी दुकानातून येताना तू मलाच रागावली होतीस, कारण मी नुसतं 'चांगलं दाखवा' म्हणाले होते. चांगलं म्हंजे काय त्याला कसं कळंल, नीट सांगावं की गं, असं रस्ताभर चाललं होतं तुझं.

आता मुद्द्यावर येते. मला गाठ लागलीये, आई. डाव्या छातीला, काखेच्या बाजूनं. आंघोळ करताना साबणाचा हात फिरला आणि तिथंच थांबला. दुखत नाही, हलत नाही. मी कपडे केले, क्लासला आले, दार लावलं आणि मोबाइलवर सर्चमध्ये लिहिलं, छातीत गाठ. पहिल्याच ओळीत तो शब्द आला. कॅन्सर. दुसऱ्या ओळीतही तोच. मी पुढचं काही वाचलं नाही. बोट आपसूक गेलं आणि मी त्या शब्दाला वजा लावलं. काय सांगू तुला, पान एकदम गोड झालं! चरबीची गाठ, हार्मोनची गाठ, चहा-कॉफी कमी करा, वयोमानानं होतं. तरी जीव थाऱ्यावर येईना. मग मी अवतरण चिन्हांत लिहिलं, 'घाबरण्याचे कारण नाही'. म्हणजे हे वाक्य जसंच्या तसं ज्या पानावर आहे तेवढीच पानं मशीननं मला द्यायची. त्यानं दिली. खात्री वाटावी म्हणून वर एका मोठ्या दवाखान्याची साइटही लावली. जे जे मी पोरांना शिकवते ते सगळं वापरलं, आणि नंतर कितीतरी दिवस बॅच सुटली की तेच परत शोधत राहिले.

आणि मग तुझा राग यायला लागला. रागाला काहीतरी निमित्त लागतं ना. तू दुकानांना कडक भाकरी करून द्यायचीस. परातीवर थापण्याचा तुझा हात मला अजून ऐकू येतो. शेवटच्या वर्षी तो आवाज मंदावला होता. खांदा धरलाय म्हणायचीस आणि दुसऱ्या हातानं थापायचीस. भाकरी बिघडायला लागल्या तेव्हा मी तुला ओढत दवाखान्यात नेलं. मी तुझ्या शेजारच्या स्टुलावर बसलेय. तू डॉक्टरांना सगळं सांगतेयस. गुडघे, पित्त, झोप येत नाही, माढ्याला माहेरी जाऊन आल्यापासूनचा खोकला. चांगला माणूस होता तो, घाई करत नव्हता. अजून काही त्रास आहे का, असं त्यानं मुद्दाम परत विचारलं. तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, 'न्हाय जी. बाकी समदं बरं हाय.' पुढं तू अंथरुणाला खिळल्यावर मावशी तुला आंघोळ घालायला आली, तुझ्या छातीवरचं तिनं पाहिलं, आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून बसली. तेव्हा आम्हाला कळलं. तोवर हाताबाहेर गेलं होतं सगळं.

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले, आमच्या आईनं लाजेपायी जीव घालवला. जुन्या वळणाची बाई, पुरुष डॉक्टरसमोर कशी बोलणार! मला ते पटलं होतं आणि सोयीचंही होतं, कारण मी शिकलेली, माझं तसं होणार नाही. तुझी नात आपलं गाव सोडून पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तिला बजावून सांगितलं होतं, अंगाचं काहीही असो, लपवायचं नाही.

तिलाच कळलं. मोबाइल तिनंच घेऊन दिलाय, त्यावरचं माझं खातं तिच्या लॅपटॉपवरही चालू असतं, मी पासवर्ड विसरते म्हणून. मी काय शोधते तेही तिथं दिसतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्यांना अक्कल शिकवणारी बाई मी! गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. रडली नाही, ओरडली नाही. गाठ कुठं आहे, कधीपासून आहे, एवढं विचारलं. मग म्हणाली, 'आई, त्या शब्दाला वजा का लावलंस? तू उत्तर आधी ठरवून मग शोधतीयेस. असं करायचं नाही हे तूच शिकवलंयस ना मला?' मी म्हटलं, मला शिकवू नकोस, उद्या दाखवते. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, मी म्हटलं दाखवलं. तपासण्या झाल्या म्हणाले, रांग केवढी मोठी होती तेही रंगवून सांगितलं, रिपोर्ट शनिवारी मिळेल म्हणाले. इतकं सफाईनं खोटं मला बोलता येतं हे मलाच माहीत नव्हतं. आज शनिवार. ती रजा काढून गाडीत बसलीये, रिपोर्ट बघायला.

रिपोर्ट नाहीये, आई. मी गेलेच नाही. म्हणजे परवा रिक्षा केली होती, दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलेही. रिक्षावाला म्हणाला, उतरा की मॅडम, आलं. मी बसूनच राहिले. तो आरशातून बघत होता. शेवटी म्हटलं, चला परत. त्या फाटकाशी बसले होते तेव्हा मला तुझं कळलं. लाज कसली गं, तू घाबरली होतीस. डॉक्टरांनी तो शब्द उच्चारू नये म्हणून बाकीचं सगळं भडाभडा सांगत राहिलीस. आणि मी शेजारी बसलेली असून मलाही सांगितलं नाहीस, हे मात्र मला आजही लागतं. फार लागतं. मला सांगायचं होतंस. मी लहान नव्हते.

ती आली की दारातच खरं सांगणार आहे. चिडेल, चिडू दे. सोमवारी तिलाच बरोबर घेऊन जाईन, आणि घरात आधी कुणाला होतं का असं विचारलं तर तुझं सांगेन. हे पान काही मी ठेवणार नाही, उठताना पुसून टाकेन. नाहीतरी पाठवायचं कुठं? गाडी यायची वेळ झाली. मला लई भीती वाटतेय, आई. इतके दिवस इतकं काय काय लिहून शोधलं, पण हे वाक्य मी अजून कुठंच लिहिलं नव्हतं.