तिच्या वहीतलं माझं खोटं

आण्णा, तुम्हाला एक सांगायचंय आणि सांगायला दुसरं कोणी नाही. आईला सांगितलं तर ती आधी रडेल, मग म्हणेल, "त्या पोरीचा नाद सोड." मित्रांना सांगितलं तर ते म्हणतील, "गड्या, गप बस, चाललंय ते बेस चाललंय." डोक्याला मार लागल्यावर माणसाला आतून काय होतं हे आपल्या घरात फक्त तुम्हाला माहीत होतं. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि मला ते तुम्हाला विचारायचं सुचलं नाही. आता चोवीसचा आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. कॉलेज मधेच सोडलंय, ते कसं ते पुढं सांगतो, बाप म्हणून शिव्या द्यायच्या त्या तेव्हाच द्या. लग्नाची शूटिंग करतो. आणि गेले सात महिने एक डॉक्युमेंटरी करतोय, मेंदूला इजा झालेली एक मुलगी परत कशी उभी राहते त्याची. येत्या रविवारी ती फिल्म तिच्या घरच्यांना दाखवायची आहे, आणि त्याआधी हे सांगून टाकायलाच हवं.

ती आष्ट्याची. वडिलांचं बी-बियाण्यांचं दुकान, घर जैनांचं, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकणारी माणसं. रोज स्कूटीवरनं सांगलीला कॉलेजला यायची, आम्ही एका वर्गात. माझं तिच्यावर प्रेम होतं. होतं कशाला म्हणू, आहे. तिचं माझ्याशी चांगलं होतं, एवढंच. पण मला एवढंच पुरत नव्हतं, आणि माझं डोकं कसं आहे तुम्हाला माहीत आहे, लहानपणी ताट भिरकावणारा मीच. कँटीनमध्ये एकजण तिच्याबद्दल काहीतरी बोलला. मी त्याला सोडलं आणि नोटीस बोर्डाच्या काचेत मूठ घातली. प्राचार्य म्हणाले, माफीनामा लिही. मी ओळखपत्र त्यांच्या टेबलावर टाकलं आणि बाहेर पडलो. गेटवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो की मी हे हिच्यासाठी केलं. ती तिथंच उभी होती. तिनं मान खाली घातली, मला वाटलं लाजेनं. संध्याकाळी तिचा मेसेज आला: "मी तुला भांडायला सांगितलं नव्हतं. कॉलेज सोडलंस ते माझ्या नावावर घालू नकोस. मला तुझी भीती वाटते. परत भेटायला येऊ नकोस." मी उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी, गळिताचा हंगाम होता, दिवस मावळताना रस्त्यात उसाची ट्रॉली बिनलाइटीची उभी होती, तिच्यावर हिची स्कूटी मागून जाऊन आदळली.

मिरजेच्या दवाखान्यात ती तीन आठवडे बेशुद्ध होती. घरी आणल्यावर मी बघायला गेलो. येऊ नकोस म्हणाली होती, तरी गेलो. आणि तिथं बसल्या बसल्या मला आपलं घर दिसायला लागलं, आण्णा. तीच शहाळी, तीच बिस्किटं, आणि येणाऱ्या प्रत्येकाचा तोच प्रश्न. "वळखलंस का मला? सांग बघू मी कोण?" आत्या विचारतेय, दुकानातला दिवाणजी विचारतोय, शेजारची बाई पोराला पुढं ढकलून विचारतेय. तुम्हीसुद्धा भिंतीला टेकून बसायचा आणि कुपवाडहून तुमचे कामावरचे सोबती आले की एकेक जण वाकून हेच विचारायचा, आणि तुम्ही सगळ्यांना "व्हय व्हय" म्हणायचा. ती म्हणत होती, "वळखलं की." मी शेवटी उरलो. तोंडातनं बाहेर पडूच नये असं वाटत असतानाही मी विचारलं, "मी कोण?" तिनं माझ्याकडं जरा बघितलं आणि म्हणाली, "वळखलं." मी त्या एका शब्दावर महिनाभर जगलो. नंतर तिनंच सांगितलं की वळखलं म्हटलं की माणसं उठून जातात, म्हणून ती सगळ्यांनाच तसं म्हणते. मागचं सगळं तिला तुटक तुटकच आठवतं, आणि अपघाताच्या आधीचे दीडदोन महिने तर तिच्याकडं नाहीतच. ती काच नाही. तो मेसेज नाही. तिचा जुना मोबाइल तर ट्रॉलीखालीच गेला.

फिल्म तिच्या वडिलांमुळं सुरू झाली. फिजिओथेरपीच्या मॅडमनी सांगितलं होतं, चालण्याचा व्हिडिओ काढत जा, फरक कळतो. काका मला म्हणाले, "तू शूटिंग करतोस न्हवं? मग ये की शनिवारचा." त्यांना काही माहीत नव्हतं, अजून नाही. मी कॅमेरा घेऊन गेलो ते जातच राहिलो. तिला डावी बाजू दिसत नाही. म्हणजे डोळे ठीक आहेत, पण डावीकडं काही आहे हेच मेंदूला कळत नाही. ताटातली उजवीकडची भाजी संपवते आणि म्हणते, वाढा. मग तिची आई येऊन ताट फिरवते, आणि ती चकित होते, की हे कुठनं आलं. केस उजवीकडचेच विंचरते. मी हे लांबून, हळव्या नजरेनं शूट करत होतो. तिनं फुटेज बघितलं आणि म्हणाली, "हे तू बघतोस तसं हाय. मी बघते तसं काढ की." मग आम्ही चौकटीची डावी अर्धी बाजू काळी ठेवायला लागलो. माणूस त्या काळ्यातनं एकदम पुढं येतो. आईचा हात ताट फिरवायला येतो, तो कुणाचा हात हेच कळत नाही. जसजशी ती सुधारत गेली तसतशी काळी बाजू आम्ही बोटभर बोटभर उघडत नेली. रडकं संगीत घालायचं नाही आणि तिला नको ते काढून टाकायचं, ह्या तिच्या दोन अटी. आण्णा, खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट डोकं न फिरवता करत होतो.

आणि मग मीच त्यात माती कालवली. तिच्याकडं एक दोनशे पानी वही आहे. डोक्यातनं गेलेलं जे जे कोण सांगेल ते ती त्यात लिहिते, प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला मॅडमनी लाल पट्टी चिकटवलीय, ती दिसली की मग ओळ सुरू करायची. लिहिते आणि रोज सकाळी वाचते, पाठांतरासारखं. एका शनिवारी गच्चीवर, कॅमेरा चालू होता, तिनं विचारलं, "तू एवढा येतोस. आपलं काय होतं का?" मी म्हणालो, "होतं." विचार करून नाही म्हणालो. ते तोंडात तयारच होतं. तिचा चेहरा मोकळा झाला, म्हणाली, "तरीच. मी म्हणतेय ह्याला कामधंदा हाय का न्हाई." मग तिनं वही उघडली, लाल पट्टीवर बोट ठेवलं आणि लिहिलं. कुठं भेटायचो, विचारलं. मी म्हणालो, नदीच्या घाटावर. तेही लिहिलं. आता ती रोज सकाळी ते वाचत होती. मला म्हणायची, घाटाच्या पायऱ्या आठवतात, पण तू दिसत नाहीस, डोकं दुखायला लागतं. आणि पुढच्या शनिवारी तिनं दोन्हीकडचे केस विंचरलेले होते. डावीकडचेसुद्धा. मला त्याचा आनंद झाला आणि त्याच आनंदाची मला किळस आली.

तेव्हापासून मला तुम्ही त्या एका सोमवारचे दिसताय. तुम्ही रोज विचारायचा, कामावर कधी जायचं, आणि चिडायचा, भिंतीवर डोकं आपटून घ्यायचा. एकदा मी म्हणून टाकलं, "आण्णा, सायबांनी सोमवारी बोलवलंय." शांत व्हावं म्हणून. सोमवारी तुम्ही दाढी करताय, गालाला दोन ठिकाणी कापलंय, आईला डबा भरायला लावताय, निळा शर्ट घालताय. आईला वाटतं, दारात बसून डबा खातील नेहमीसारखा. तुम्ही चालत कारखान्याच्या गेटापर्यंत गेलात. तिथनं तुम्हाला परत पाठवलं. आई चुलीपुढं भाकरी थापत होती, मी कोपऱ्यात अभ्यासाचं ढोंग करत होतो. तुम्ही भरलेला डबा तिच्यापुढं ठेवला आणि माझ्याकडं वळलात. मला वाटलं आता मार बसणार. तुम्ही सावकाश, एकेक शब्द शोधून म्हणालात, "मी इसरलोय. येडा न्हाई. इसरल्याला खोटं सांगायला कायबी लागत न्हाई, म्हणूनच सांगायचं नसतंय." मग भाकरी खायला बसलात. मी त्या दिवशी तुमच्यावर रागावलो होतो. मी तुमच्यासाठीच बोललो होतो ना, असं मला वाटत होतं. बघा, तेव्हापण माझं 'तुमच्यासाठी'च होतं.

गेल्या शनिवारी मी गच्चीवर गेलो आणि कॅमेरा बॅगेतच ठेवला. ती म्हणाली, "आज काय झालं? तोंड कशानं सुकलंय?" मी सांगितलं. घाट खोटा, आपलं काही होतं ते खोटं, आणि तिचा तो जुना मेसेज उघडून माझा मोबाइल तिच्या हातात दिला. तिनं स्क्रीनच्या डाव्या कडेला बोट ठेवलं आणि वाचायला लागली. आण्णा, चारच वाक्यं आहेत, पण तिला लय वेळ लागला. खालनं तिच्या आईचा कुकर वाजत होता आणि मी जिन्याकडं बघत होतो, की आता ही काकांना हाक मारेल. तिनं मान वर केली.

"हे मी लिहिलंय?"

"व्हय."

"असंच बोलायची मी?"

"असंच."

ती हसली. मला ते समजेना. म्हणाली, "बेस बोलत होते की." मग परत वाचलं, ओठ हलवत. आणि मग तिचा चेहरा बदलला. "हे कवापासनं तुझ्याकडं हाय?" मी म्हणालो, पहिल्यापासून. ती म्हणाली, "सगळी येऊन मला सांगत्यात, तू लय गुणाची होतीस, लय हसतमुख होतीस, कुणाला उलटून बोलत न्हवतीस. मी ते लिहून घेते आणि मला वाटतं, ही कोण बया. माझं माझ्या तोंडचं एक वाक्य घरात कुणाकडं न्हाई. आणि तू चार वाक्यं खिशात घेऊन हिंडत होतास." मी म्हणालो, माफ कर. ती म्हणाली, "ते मागनं बघू. आधी मला ते पाठव." मी पाठवलं. "आता कॅमेरा काढ."

मी कॅमेरा काढला. तिनं भिंतीला टेकून, मोबाइल समोर धरून, तो मेसेज वाचला. तीन वेळा. पहिल्यांदा 'भीती' ह्या शब्दावर अडखळली, दुसऱ्यांदा सरळ गेली. तिसऱ्यांदा शेवटच्या वाक्याआधी थांबली, माझ्याकडं बघितलं, म्हणजे लेन्सकडं बघितलं, आणि मग म्हणाली, "परत भेटायला येऊ नकोस." मी ते बघत होतो आणि माझे हात स्थिर होते, ह्याचंच मला आश्चर्य वाटतं. वहीतलं घाटाचं पान तिनं फाडलं नाही. त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, खोटं, आणि माझं नाव. मला वाटलं आता हा शेवट. जिना उतरताना मागनं म्हणाली, "शूटिंगला येत जा. दुसऱ्या कशाला येऊ नगंस. आणि हे फिल्ममधी घालायचं, काढायचं न्हाई. पप्पांना मी सांगणार न्हाई, त्यांना तिथंच कळंल."

म्हणजे रविवारी कळेल. त्यांच्या बैठकीत, भिंतीवर पांढरी चादर लावून, काका, काकी, आत्या आणि फिजिओच्या मॅडम बसलेल्या असतील. मी प्रोजेक्टरजवळ उभा असेन, दारापासून सगळ्यात लांब. काका काय करतील मला माहीत नाही. मारलं तर मारूदे, त्याची मला तेवढी भीती नाही. शनिवारचा यायचं नाही म्हणाले तर, त्याची आहे. तिची डावी बाजू अजून पूर्ण उघडलेली नाही, बोटभर काळं शिल्लक आहे, आणि ते दुसऱ्या कुणी शूट करावं हे मला सहन होणार नाही. पण हेही परत 'माझं'च झालं ना? तुम्ही असता तर एवढ्यावरच मला थांबवलं असतं.

तुम्ही उत्तर देणार नाही, आणि पत्र तुमच्याकडं जायला वाट नाही. हे कागद कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवतोय, लेन्स पुसायच्या कपड्याखाली, आई तिथं हात घालत नाही. फक्त एक राहिलं. काल तिचा फोन आला, तीनपैकी कोणतं वाचन फिल्ममध्ये घातलंस म्हणून. मी म्हणालो, तिसरं, जिथं तू थांबून माझ्याकडं बघितलंस ते. ती म्हणाली, "ते कशाला? दुसरं सरळ आलं होतं की." मी म्हणालो, पहिल्या दोन्हींत कुकरच्या शिट्टीनं आवाज खराब झालाय. ती बरं म्हणाली. आण्णा, कुकर केव्हाच बंद झाला होता. दोन्हींत आवाज नीट आलाय.