म्हातारी अजून वेळेवर धावते

ती. स्व. मामांस,

वाकून नमस्कार. (या खेपेस अगदी खरोखर वाकून. गेला आठवडाभर कपाटामागच्या वायरी हुंगत बसल्याने कंबर जी बसली आहे ती अजून उठायचं नाव घेत नाही.) मामींचा गुडघा आता त्यांना जिना चढू देतो का? मामी बोलायला लागल्या की तुम्ही कानातलं यंत्र काढून खिशात ठेवता, अशी त्यांची तक्रार आईकडे पोचली आहे. आईने ती आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि ते यंत्र कुठे मिळतं याची चौकशी केली.

आता मुख्य बातमी. मामा, मी जिंकलो! कसा, ते सविस्तर सांगतो, कारण थोडक्यात सांगितलं तर माझा मोठेपणा तुमच्या लक्षात येणार नाही. ज्या बससेवेत तुम्ही स्टीअरिंग धरून केस पांढरे केलेत, तिचाच डेटाबेस मी सांभाळतो. सांभाळतो म्हणजे नक्की काय करतो, हे तुम्ही दर लग्नात विचारता आणि मी तोंड उघडलं की जेवायला उठता. पत्रातून उठता येत नाही, म्हणून आज ऐकाच. प्रत्येक बस दर थोड्या वेळाने "मी इथे आहे" असं कळवत असते आणि ते एका टेबलात लिहिलं जातं. टेबल म्हणजे ओळींचा तक्ता, एका बसला एक ओळ. बस पुढे सरकली की ओळ बदलायची. तुम्ही म्हणाल, जुनं खोडा, नवं लिहा, त्यात काय एवढं! पण आमचा डेटाबेस तुमच्यापेक्षा सभ्य आहे. न जाणो, जुनी ओळ अजून कोणी वाचत असेल, म्हणून तो ती तशीच ठेवतो आणि नवी शेजारी लिहितो. वाचणारे उठून गेले की जुनी ओळ मेली. मग झाडलोट येते (ती आपोआप चालते, पगार मागत नाही) आणि मेलेल्या ओळींची जागा रिकामी झाल्याचं जाहीर करते. प्रवासी उतरला तरी कंडक्टरने सांगेपर्यंत त्या सीटवर कोणी बसायचं नाही, असा हा कारभार. झाडलोट नीट चालली तर बसचं टेबल तळहाताएवढं राहतं. आमचं मात्र फुगत फुगत डिस्कच्या गळ्याशी आलं होतं.

परिणाम व्हायचा तो झाला. थांब्यांवरच्या पाट्या अडखळायला लागल्या. निघून गेलेली बस "येत आहे" म्हणायची आणि समोर उभी असलेली बस पाटीच्या गावीही नसायची. नियंत्रण कक्षातल्या ताई (तुमच्या वेळी त्या तिकीट खिडकीवर होत्या, आवाज तोच आहे) दिवसभर फोनवर लोकांच्या शिव्या खायच्या आणि संध्याकाळी त्या व्याजासकट माझ्याकडे पोचवायच्या. अशा वेळी आमचे उपसाहेब पुढे सरसावले. त्यांना आम्ही खोडरबर म्हणतो, कारण कुठलीही अडचण आली की काहीतरी पुसून टाकावं, एवढा एकच उपाय त्यांना येतो. त्यांनी जुन्या फेऱ्यांच्या नोंदी मला न विचारता पुसल्या. (दुसरीकडे त्यांची प्रत होती, म्हणून आज हसतोय.) पुसून झाल्यावर छाती काढून डिस्क बघायला आले, तर जागा तसूभरही वाढलेली नाही, उलट किंचित कमीच झालेली! होणारच. पुसलेल्या ओळी लगेच उठून जात नाहीत, मरून तिथेच पडतात, आणि पुसल्याची नोंद पुन्हा वेगळी होते. हे मी खोडरबरांच्याही वरच्या मोठ्या साहेबांना समजावून सांगितलं. साहेबांनी त्यातून एवढंच घेतलं, की मी ज्या गोष्टीची काळजी घेतो ती कमी केली तरी वाढते. त्यांनी फर्मावलं, की सोमवारपर्यंत जागा झाली नाही तर डेटाबेस बाहेरच्या कंपनीकडे आणि मी हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत. मामा, त्या खोलीत नुसत्या छत्र्या आहेत हो! इतकी वर्षं शिकलो ते छत्र्या मोजायला का? माझी झोप उडाली आणि भूकही गेली (आईला फक्त भुकेचं कळलं).

मी स्वतः झाडलोट चालवून पाहिली. ती इमानदारीत सगळीकडे फिरली आणि शेवटी म्हणाली, मेलेल्या ओळी ढीगभर आहेत, पण एकही हलवता येत नाही, अजून कोणीतरी वाचतंय. कोण वाचतंय? मी आत जोडलेल्या सगळ्यांची हजेरी घेतली. त्यात एक महाभाग निघाला, जो आत शिरल्यापासून उठलेलाच नव्हता. आत शिरल्याचा दिवस पाहिला आणि माझ्या अंगावर काटा आला. तो आमच्या साहेबांच्या पडद्याच्या उद्घाटनाचा दिवस होता!

हा पडदा तुम्ही पाहिलेला नाही. साहेबांच्या खुर्चीमागे अख्खी भिंत अडवून बसलाय. त्यावर सगळ्या बसेसची नावं आणि प्रत्येकीपुढे दिवा, वेळेवर असेल तर हिरवा, उशिरा असेल तर लाल. उद्घाटनाला साहेबांनी दम देऊन एकूण एक बस वेळेवर काढली होती. तेव्हापासून पडदा हिरवागार आहे. कोपऱ्यातलं घड्याळ व्यवस्थित चालतं, म्हणून कोणाला शंकाही आली नाही. पडदा बसवणाऱ्या मनुष्याने डेटाबेसला पहिल्या दिवशी पडद्याच्या वतीने सांगून ठेवलं होतं, मी उठेपर्यंत सगळं मला आत्ता दिसतंय तसंच दिसू दे. आणि तो उठलाच नाही! त्या एका पडद्याला तो सोन्याचा दिवस दिसत राहावा म्हणून डेटाबेस तेव्हापासूनची एकेक मेलेली ओळ उराशी धरून बसला होता.

मी ताईंना घेऊन तडक साहेबांच्या खोलीत गेलो. तिथे दुसऱ्या एका शहराच्या बससेवेचे पाहुणे बसले होते आणि साहेब काठीने हिरवे दिवे दाखवत होते. मी विचारलं, साहेब, म्हातारी आत्ता कुठे आहे? (होय मामा, तुम्ही निवृत्तीपर्यंत चालवलेली ती बस, तुमचीच म्हातारी. अजूनही सगळे तिला त्याच नावाने ओळखतात.) साहेबांनी वळून पाहिलं आणि अभिमानाने सांगितलं, की वेळेवर धावते आहे. पाहुण्यांनी ते लिहून घेतलं. तेव्हा ताई त्यांच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अहो साहेब, ती भंगारात गेली की! तिच्या टायरांत मी झाडं लावलीत."

मी तिथल्याच संगणकावरून त्या महाभागाला उठवायला बसलो. मामा, खरं सांगतो, बटणावर बोट ठेवून क्षणभर थांबलो. तुमची म्हातारी तिथे इतक्या ऐटीत, हिरव्या दिव्यासकट धावत होती, की मला भरून आलं. मग छत्र्या आठवल्या आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला, पुन्हा जोडला गेला आणि लाल दिव्यांनी नुसता पेटला! साहेबांचा चेहराही त्याच रंगाचा झाला. ते माझ्यावर ओरडणार, इतक्यात पाहुण्यांमधले मोठे गृहस्थ उठले आणि घाईघाईने फोन करायला बाहेर गेले. जाताना म्हणाले, "आमचाही असाच हिरवागार आहे हो!"

पुढचं काम माझ्या हातचा मळ. पण नुसती झाडलोट जागा फक्त आतल्या आत मोकळी करते, डिस्कला परत देत नाही. त्यासाठी जिवंत ओळी उचलून टेबल नव्याने लिहावं लागतं. तोवर त्याला कोणी हात लावायचा नाही आणि नव्या प्रतीपुरती जागा आधी हवी. खोडरबर म्हणाले, आधी फेऱ्यांचं मोठं टेबल घ्या. मी म्हटलं, नव्या प्रतीला जागा काय तुमच्या डोक्यावर देऊ? आधी बसचं घेतलं, कारण फुगलेलं कितीही असलं तरी जिवंत ओळी मूठभर. दुपारी रस्ते शांत झाल्यावर ताईंनी पाट्या क्षणभर बंद ठेवल्या, मी आज्ञा दिली, आणि ते अजस्र टेबल तळहाताएवढं होऊन बाहेर पडलं. त्यातून सुटलेल्या जागेत मग फेऱ्यांचं. डिस्क अशी मोकळी झाली की आत हाक मारली तर प्रतिध्वनी येईल! पाट्या सुरळीत झाल्या. ताईंनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली (कंबरेतून कळ आली, पण तोंड हसरं ठेवलं). साहेबांनी बाहेरच्या कंपनीला नकार कळवला आणि खोडरबर दोन दिवस माझ्याशी "अहो" लावून बोलताहेत. मामा, तुमच्या भाच्याने नाव काढलं!

मामींना नमस्कार. यंत्र कानात ठेवा.

तुमचा विजयी भाचा

ता. क. – साहेबांनी काल मला बोलावून दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, पाहुण्यांपुरता जुना पडदा लावता येईल का? मी बाणेदारपणे नाही म्हणालो.

ता. क. २ – त्यावर साहेब म्हणाले, उशीर तू शोधलास, आता घालवायचाही तूच. सोमवारपासून मी वेळापत्रक विभागाचा प्रमुख आहे. तुम्ही आयुष्यभर बस चालवलीत, म्हणून विचारतो (खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहायला घेतलं): बस वेळेवर यावी म्हणून नेमकं काय करायचं असतं? सोप्या शब्दांत, उलट टपाली कळवा. चित्र काढलंत तरी चालेल.

ता. क. ३ – हे ताईंना कळू देऊ नका, पण तुम्ही निवृत्त झाल्यापासून मी एकाही बसमध्ये पाऊल टाकलेलं नाही. कामावर स्कूटरने जातो. बसचा काही भरवसा नसतो.