अण्णांची टाच

बेळ्ळंदूर,
सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार. होसकोट्याला भावजी, मुलं सगळी बरी असतील. तू माझा फोन उचलत नाहीस, ते बरोबरच आहे, म्हणून हे कागदावर.

अण्णांच्या तापाचं कारण सापडलं. दोन महिने अंगात कणकण, शुगर तीनशेच्या खाली येईना. पेसमेकरमुळे एमआरआय करता येत नव्हता. शेवटी त्यांचंच रक्त काढून पांढऱ्या पेशींना किरणोत्सर्गी खूण लावली आणि त्या परत टोचल्या. जंतू असतील तिथे त्या गोळा होतात म्हणे. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याखाली उजवी टाच उजळली. वरून कातडी धड, आत हाड सडतंय. मधुमेहाने पायाची जाणीवच गेलेली, त्यांना दुखणार कुठून?

डॉक्टर म्हणाले, शुगर चढत होती ती या जंतूंमुळे. गोडामुळे नाही.

आणि मी तुला भावजींच्या देखत चोर ठरवलं! मठातलं प्रसादाचं गूळ-डाळीचं गोड हयग्रीव तू चमचाभर द्यायचीस, "स्वल्प रे, स्वल्प" म्हणत. तुझं स्वल्प म्हणजे वाटीभर, असं बोलून मी अण्णांना इकडे उचलून आणलं आणि वर तुला यायची बंदी केली.

निघताना तू गाडीपाशी आलीस. म्हणालीस, "रवी, त्यांची टाच स्वल्प गरम लागते. दाखव." पुन्हा तो शब्द ऐकला आणि मी काच वर केली. एकाही डॉक्टरला सांगितलं नाही. तू रोज त्यांचे पाय चेपायचीस, तुला कळलं. मी दोन महिन्यांत त्यांच्या पायाला हात लावला नाही.

अजून एक आहे. ते लिहायचं टाळत इथवर आलो. अण्णा रोज विचारायचे, "वसू का येत नाही?" मी सांगायचो, "तिला आता तुमचं करणं जमत नाही म्हणते." हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं.

गुरुवारी ऑपरेशन आहे. हाड खरवडतील. फार पसरलं असेल तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. आज सकाळी मी त्यांना सगळं खरं सांगितलं. मग म्हणाले, "पाय काढतील रे ते. पण वसूबद्दल मी जे मनात आणलं, ते कोण काढणार?"

अक्का, माझ्याशी बोलू नकोस. पण गुरुवारच्या आत ये.

तुझा भाऊ म्हणवायला तोंड नसलेला,
रविकिरण