तेवीसच्या काड्या

मंगळवार, संध्याकाळ

आज दुसरीच्या वर्गात खराट्याच्या काड्या देऊन आकडे शिकवले. दहा काड्यांची एक जुडी, उरलेल्या सुट्या. 'तेवीस मांडा' म्हटलं. भाग्या स्वतःशीच कन्नडमध्ये 'इप्पत्तमूरु' पुटपुटली आणि दोन जुड्या, तीन काड्या मांडून मोकळी झाली. अगदी बरोबर. मी मात्र म्हटलं, "मराठीत म्हण गं."

"तेवीस," ती म्हणाली आणि घुटमळली. मग एक काडी उचलली, एक जुडी वाढवली. तीन जुड्या, दोन काड्या. मी "चुकलं" म्हणून पुढच्या बाकाकडे गेले.

इतक्या वर्षांत मला कसं सुचलं नाही? कन्नडमध्ये आधी वीस येतात, मग तीन, जुड्या मांडतो तसेच. मराठीत तीन आधी, ते-वीस. तिने माझंच ऐकलं होतं. ती उचललेली काडी अजून डोळ्यांपुढे आहे. कन्नड काय मला येत नाही? भाजी घेताना मीही कन्नडमध्येच मोजते.

शाळा सुटताना भाग्या रोज तिच्या कन्नडमध्ये "अक्कोरे, बर्तेन्रि" असा निरोप ओरडत पळते. आज दाराशी थांबली, जरा आठवलं आणि हळूच म्हणाली, "बाई, येते."