गांडुळं हलवायची कशी

६ फेब्रु., शुक्र.
आनि नवा ट्रॅक्टर माझ्या गांडुळांच्याच डोक्यावर लावायचा! एवढं अंगन मोकळं पडलंय ते दिसत न्हाई. थोरले दीर जेवता जेवता म्हनले, "गोठ्यातला तो कोपरा बुधवारपतोर रिकामा पायजे." आमचे ह्ये ताटात बघत भाकरी कुस्करत बसले. फौजेत बंदूक घिऊन हुबा ऱ्हायलेला मानूस, भावासमोर आवाज फुटत न्हाई. गांडूळखताचा बेड म्या एकटीनं हुबा केला. आष्ट्याचे लोक खत मागत येत्यात. घरात किंमत शून्य.

७, शनि.
गोठ्याला लागूनच्या चिकूखाली नवा बेड. कुजलेलं शेन, पाचट, पपईच्या साली. जुन्याचं पानी तोडलं, मधी वलं गोनपाट हातरलं. हातानं उपसली तर तुटत्यात, वल धरून आपली आपन जातील.
दीर : "फावड्यानं वढ की."
म्हनलं, "भावजी, तुमाला वढू का फावड्यानं?"
जेवले न्हाईत. बरं झालं.

८, रवि.
एकाच गांडुळाकडं बघत बसले. लांब हुतंय, थांबतंय, मागचं अंग वढून घेतंय. चा गार झाला. हातभर गेलं आनि माघारी फिरलं, मेलं! ह्ये म्हनले, "जातील सावकाश." सावकाश म्हनं. बुधवार काय सावकाश येनाराय?

९, सोम.
सासू म्हनली, "सूनबाई, नजर लागली तुझ्या किड्यांस्नी." बेडावरनं मीठमोहऱ्या उतरवल्या. म्हातारीचं मन ऱ्हावं म्हनून गप बसले. पर त्या टाकायच्या कुठं? चूल मोडून गॅस आलाय. मी बादली भरायला वळले, हिनं मूठ जुन्या बेडातच सोडली. वर तांब्याभर पानी.
"आवं आत्या, मीठ!"
"मग? दिष्ट मिठानंच निघती."
पळाली गांडुळं. गांडूळ एवढं पळतंय हे म्या कवा बघितलं न्हवतं. वळवळत, उलटीपालटी हुत, सगळी भायेर फरशीवर. सापडली तेवढी धुतली, चिकूखाली सोडली. बाकीची उन्हात चिकटली, सुतळीच्या तुकड्यागत.
सासू उंबऱ्यात बसून रडली. तिला काय बोलायचं.

१०, मंगळ.
फरशी खरवडली. दुसरं काय लिहू.

११, बुध.
ट्रॅक्टर आला. हार, नारळ. दिरांनी पेढा तोंडाशी आनला, "घे की. जागा झालीच मोकळी." न्हाई घेतला.
चिकूखाली उकरून बघितलं. हायत थोडी, पर मलूल. जगतील असं वाटत न्हाई. आनि दीर तिथं बी पत्रा मारायचा म्हनत्यात, डिझेलचा बॅरल ठेवायला.
ह्ये म्हनले, "पुन्हा आनू की गांडुळं."
"ठेवू कुठं? तुमच्या टोपीत?"
ह्यांनी टोपी काढून खुटीला लावली.
मग सांगितलं, "चिकूखालची जागा माझी हाय का न्हाई, ते भावजींच्या समोर, तोंडानं बोलायचं. मान हलवलेली चालायची न्हाई. रविवारपतोर सांगा."