निकीबरोबर नऊ रात्री

प्रिय संजीवनी,

हाताची जखम आता सुकत आली असेल. नरसिंहपूरला गेल्यापासून तू सलग सहा-सात तास झोपतेस, असं विजयसिंहनं फोनवर सांगितलं. तुझ्या भावाच्या तोंडून मला ते ऐकावं लागलं. गॅसपाशी उभ्या उभ्या तुझा डोळा लागला आणि हात तव्यावर टेकला, तेव्हा मी आतल्या खोलीत झोपलो होतो. रातपाळी करून आलेला माणूस म्हणून तू मला उठवलंसुद्धा नाहीस.

निकी बरी आहे. रजा टाकून नऊ रात्री मी तिच्याबरोबर काढल्या. पुण्याच्या डॉक्टरांनी अँजेलमन सिंड्रोम असं नाव कागदावर लिहून दिलं, तेव्हा या मुलांना झोप फार कमी असते, असंही ते म्हणाले होते. मी नुसती मान हलवली होती. निकी साडेनऊला झोपते, एकला उठते आणि हसत सुटते. ते हसू तिला थांबवताच येत नाही. आठ वर्षांची पोर, तोंडात शब्द एकही नाही. तुझ्या उशीवर चापट्या मारते, माझ्याकडं बघते, पुन्हा चापट्या मारते. आई कुठं, एवढंच विचारत असावी. सगळं शेळगाव झोपलेलं असतं. त्या वेळी फोन करावा असा एकही माणूस मला आठवेना. तुला तरी कोण आठवत होतं?

चौथ्या रात्री मी तिला आत ठेवून बाहेरून कडी घातली आणि ओट्यावर जाऊन बसलो. ती आत हसत होती. मग आवाज थांबला. दार उघडलं तर फरशीवर पालथी पडलेली, बोटं दाराखालच्या फटीत घातलेली. तिला उचलून घेतलं आणि मीच रडलो. तुझ्यावर कधी अशी वेळ आली होती का, हे मी विचारणार नाही. आली असली तरी आता मला समजेल.

काल शेजारच्या छबूबाईंना निकीजवळ बसवून कारखान्यात गेलो. दिवसपाळी द्या म्हणालो. टाइम ऑफिसमधले मानसिंगतात्या चष्म्यावरून बघत म्हणाले, “का रं गोकुळ? तीन वर्सांमागं तूच पाया पडून रातपाळी मागितली व्हतीस की. आता काय झालं?”

हेच सांगायला लिहितोय. साहेबांनी कायमची रातपाळी लावली, आपलं काही चालत नाही, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. मशिनच्या त्या आवाजात मला बरं वाटायचं, घरात नाही वाटायचं. म्हणून मी रात्री निघून जात होतो आणि तू मला डबा भरून देत होतीस. फोनवर हे तोंडातून निघालं नसतं. सोमवारपासून दिवसपाळी मिळाली आहे. साडेनऊला मीही तिच्याबरोबर आडवा होईन आणि ती एकला उठली की मी उठेन. रविवारी तू येणार होतीस, पण आता हे वाचून ठरव. आली नाहीस तर दिवसा छबूबाई निकीला सांभाळतील, त्या हो म्हणाल्यात. आणि आलीस, तर रात्री ती कितीही हसली तरी तू उठायचं नाहीस.

अजून म्हणू देशील तर, तुझाच
गोकुळ